चेकनाक्यावर उभं राहून नोंद ठेवणाऱ्या बायका

मधुमालती:

वेस्ट बँक या इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली चेकनाक्यांची बातमी आपल्याकडे येते ती तिथे कुणी मेलं तरच. उरलेल्या दिवसांत तिथे काय चालतं ते बघायला आणि लिहून ठेवायला काही माणसं वर्षानुवर्षं जात आली आहेत. त्यांत इस्रायली बायका आहेत, बाहेरच्या देशांतले स्वयंसेवक आहेत. मी २०१८ मध्ये गोथेनबर्गहून जागतिक चर्च परिषदेच्या स्वयंसेवी निरीक्षकांच्या कार्यक्रमातून तीन महिने बेथलेहेमला राहिले. तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला आहे, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, पेटला आणि पॅलेस्टिनी गावांच्या तोंडाशी नाके, मातीचे ढिगारे, सिमेंटचे ठोकळे येऊन बसले. २००१ च्या सुरुवातीला रॉनी येगर, येहुदित केशेत आणि आदी कुन्त्समन या तिघींनी ठरवलं की आपल्या देशाच्या नावाने तिथे जे चाललंय ते आपण स्वतः जाऊन बघायचं. त्यातून माखसोम वॉच ही संघटना उभी राहिली (‘माखसोम’ म्हणजे हिब्रूत नाका). सगळ्या बायका, सगळ्या इस्रायली. ऐन भरात चारपाचशे जणी होत्या, त्यातल्या बऱ्याच साठीच्या पुढच्या. नाक्यावर एकोणीस-वीस वर्षांची पोरं बंदूक घेऊन उभी, आणि त्यांच्या बाजूला त्यांच्या आजीच्या वयाच्या दोघी-तिघी, बिल्ला लावून, वही हातात धरून.

काम अगदी साधं. पाळ्या वाटून घ्यायच्या. किती वाजता पोहोचलो, रांगेत अंदाजे किती माणसं, तपासणीच्या किती खिडक्या उघड्या, कुणाला परत पाठवलं आणि काय कारण सांगितलं, कोणाला बाजूला बसवून ठेवलं आणि किती वेळ, हे लिहायचं. कुणी अडकलं असेल तर लष्कराच्या मदतकेंद्राला फोन लावायचा, पुन्हा लावायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत लावत राहायचं. घरी जाऊन अहवाल टंकायचा आणि संकेतस्थळावर टाकायचा. हुवारा, बैत इबा, कलंदिया, बार्ता अशा नाक्यांचे वीसहून जास्त वर्षांचे अहवाल हिब्रूत आणि इंग्रजीत आजही वाचता येतात. याच संघटनेतल्या काही जणी ओफेर आणि सालेमच्या लष्करी न्यायालयांत जाऊन बसतात आणि तिथल्या सुनावण्या टिपतात.

आमचा कार्यक्रम २००२ पासूनचा. वेगवेगळ्या देशांतली माणसं तीन-तीन महिन्यांसाठी जातात. माझ्याकडे बेथलेहेम ते जेरुसलेम वाटेवरचा नाका होता, सगळे त्याला ‘३००’ म्हणतात. पहाटे चारच्या आत तिथे पोहोचायचं. तोवर हेब्रॉनकडून आलेले मजूर दोन-दोन तास उभे असायचे. इस्रायलने बांधलेल्या विभाजक भिंतीला लागून लोखंडी गजांची एक लांब अरुंद बोळ होती, वरून पत्रा. त्यात माणसं इतकी दाटलेली असायची की हात वर केला तर खाली घेता यायचा नाही. तरणी पोरं बाहेरून गजांवर चढून पुढे सरकायची आणि वरून रांगेत उतरायची, त्यावरून भांडणं व्हायची. बोळीच्या टोकाला फिरतं लोखंडी फाटक. आतल्या सैनिकाने बटण दाबलं की थोडी माणसं आत जायची, मग पुन्हा बंद. आत पट्टा काढा, बूट काढा, परवाना दाखवा, कार्ड दाखवा, पंजा यंत्रावर ठेवा. बाहेर एक म्हातारा तिळाचा पाव आणि उकडलेली अंडी विकायचा. पुठ्ठा अंथरून कुणी पहाटेची नमाज पढून घ्यायचं. सातच्या आत बांधकामावर पोहोचलं नाही तर मुकादम दुसऱ्याला उचलायचा, त्या दिवसाची मजुरी बुडायची.

आम्ही हातात मोजणीयंत्र धरून प्रत्येक अर्ध्या तासाला किती माणसं आत गेली ते मोजायचो. शेजारी बायका, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळं दार होतं. ते उघडणं न उघडणं त्या त्या सैनिकावर. बंद असलं की फोन आम्ही करायचो.

मला जे पोचवायचं आहे ते असं. नाक्यावरचा जाच मारहाणीत कमी आणि अनिश्चिततेत जास्त आहे. आज वीस मिनिटं, उद्या तीन तास, परवा बंद. नाब्लुसमधून बाहेर पडायला कधी सोळा ते पस्तीस वयाच्या सगळ्या पुरुषांना मनाई असायची, आणि पुढच्या आठवड्यात नसायची. नियम कुठे लावलेला नसतो, सैनिकाच्या तोंडून कळतो. तेव्हा नियम काय होता हे नंतर सांगता यायचं असेल, तर कुणीतरी रोज तिथे उभं राहून लिहून ठेवलं पाहिजे.

रणजित_सातारा:

ताई, पोटतिडकीने लिहिलं आहे, पण एक बाजू राहिली. २७ मार्च २००२ ला इस्रायलमधल्या नेतान्याच्या पार्क हॉटेलात सणाच्या जेवणाला बसलेली ३० माणसं स्फोटात गेली. स्फोट करणारा वेस्ट बँकमधल्या तुलकरेमचा. मार्च २००४ मध्ये तुम्ही लिहिलेल्या याच हुवारा नाक्यावर अंगावर स्फोटकांचा पट्टा बांधलेला एक पोरगा पकडला गेला. हे घडल्यावर कुठल्याही देशाने नाके लावले असते.

मी फौजेत नोकरी केली आहे. नाक्यावर ड्यूटी म्हणजे समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत राहायचं. त्या वेळी मागे कुणी वही घेऊन उभं असेल तर लक्ष दोन ठिकाणी जातं. चूक झाली तर त्या पोराच्या जिवावर बेतते.

मधुमालती:

रणजितदादा, नेतान्यात जे झालं त्याला क्षमा नाही, आणि त्या बायकाही हेच म्हणतात. ज्या बसमध्ये स्फोट व्हायचे, त्याच बसमधून त्यांची मुलं शाळेत जायची. सैनिकाच्या मनावरचा ताणही खरा आहे.

पण नकाशा समोर ठेवून नाके बघा. तुलकरेम आणि नेतान्या यांच्या मध्ये नाका असणं ही एक गोष्ट. हुवारा नाब्लुसच्या दक्षिणेला आहे, नाब्लुसहून रामल्लाला जायच्या वाटेवर. म्हणजे पॅलेस्टिनी शहरातून पॅलेस्टिनी शहरात जाताना. ‘कंटेनर’ नावाचा नाका बेथलेहेमच्या ईशान्येला आहे. तो बंद केला की वेस्ट बँकचा दक्षिण भाग बाकीच्या भागापासून तुटतो. इस्रायल त्या वाटेवर लागतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने २०२३ च्या सुरुवातीला वेस्ट बँकमध्ये ६४५ अडथळे मोजले होते, २०२५ च्या सुरुवातीला ८४९. यात नाके, फाटकं, ढिगारे, खंदक सगळं आलं. भिंतीचंही तेच. ठरवलेला मार्ग साधारण ७१२ किलोमीटरचा, आणि त्यातला सुमारे ८५ टक्के इस्रायल आणि वेस्ट बँक यांच्यातल्या १९४९ च्या युद्धबंदी रेषेवर नसून वेस्ट बँकच्या आत आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ च्या सल्लागार मतात नेमकं या आत शिरलेल्या भिंतीलाच बेकायदा ठरवलं.

सुरक्षेसाठी लावलेला नाका आणि वेस्ट बँकमधल्या इस्रायली वसाहतींचे रस्ते मोकळे राहावेत म्हणून लावलेला नाका, दोन्हींवर गणवेश एकच असतो. फरक कळतो तो तिथे रोज जाणाऱ्याला.

डॉ_वैशाली:

वैद्यकीय बाजूबद्दल लिहिते, कारण ती आकड्यांत हरवते.

वेस्ट बँकमधल्या कर्करोगाच्या रुग्णाला बहुधा पूर्व जेरुसलेमच्या ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालयात जावं लागतं, गंभीर शस्त्रक्रियेसाठी मुकासेदला. रुग्णाला परवाना लागतो, सोबत जाणाऱ्या नातेवाइकाला वेगळा परवाना लागतो. पॅलेस्टिनी रुग्णवाहिका सहसा आत सोडत नाहीत. मग नाक्यावर दोन रुग्णवाहिका पाठीला पाठ लावून उभ्या करतात आणि रुग्णाला एकीतून दुसरीत हलवतात. ज्याच्या मणक्याला मार आहे किंवा ज्याला श्वासनळीत नळी आहे, त्याला असं उघड्यावर उचलून ठेवणं म्हणजे काय हे अतिदक्षता विभागात काम केलेल्या कुणालाही विचारा. नळी निसटायला, रक्तदाब कोसळायला हलवाहलवीचे ते क्षण पुरतात.

दुसऱ्या इंतिफादाच्या वर्षांत साठाहून जास्त बायका नाक्यावर अडकून तिथेच बाळंत झाल्या, त्यात बाळं आणि काही आयाही गेल्या, अशी पॅलेस्टिनी आरोग्य खात्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आहे. त्याचा पुढचा परिणाम जास्त खोल. रस्त्यात अडकायच्या भीतीने बायका रुग्णालयाऐवजी घरी बाळंत व्हायला लागल्या, किंवा दिवस भरायच्या आधीच शहरातल्या नातेवाइकांकडे जाऊन राहायला लागल्या. हे कुठल्याही नाक्याच्या नोंदीत येत नाही, कारण ती बाई नाक्यावर आलेलीच नसते.

नवगावकर:

सर्वांना नमस्कार आणि शालोम. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आमचं मूळ घर अलिबागजवळ. लहानपणी आईवडिलांबरोबर इथे इस्रायलला आलो, आता अश्दोदला असतो. मराठी लिहायची सवय कमी झाली आहे, सांभाळून घ्या.

१४ मार्च २००४ ला आमच्या बंदरावर दोन आत्मघातकी स्फोट झाले. दहा माणसं गेली, त्यातला एक आमच्या ओळखीतला. तेव्हा कुणी नाक्याविरुद्ध बोललं तर आम्ही त्याच्याकडे बघणं सोडून द्यायचो. त्या बायकांना तर लोक तोंडावर गद्दार म्हणायचे.

माझ्या धाकट्या मुलाची काही महिने नाब्लुसकडच्या नाक्यावर नेमणूक होती. शुक्रवारी घरी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. त्या बायकांबद्दल विचारलं तर चिडायचा. म्हणायचा, बाबा, त्या आईसारखं बोलायला येतात, आम्हाला तिथे आई नको असते. पण एकदा त्याने दुसरीही गोष्ट सांगितली. दुपारची वेळ, रांगेत एक म्हातारा, हातात औषधांची पिशवी, परवान्याची तारीख आदल्या दिवशी संपलेली. वरून हुकूम होता की सोडायचं नाही. मुलाने तीनदा वायरलेसवर विचारलं, तीनदा ‘नाही’ असंच उत्तर आलं. बाजूच्या एका बाईने तोवर कुठल्यातरी अधिकाऱ्याला फोन लावला आणि दहा मिनिटांत वायरलेसवर होकार आला. मुलगा म्हणाला, माझं कुणी ऐकलं नाही, तिचं ऐकलं. याचा त्याला राग आला होता. राग कुणाचा, हे मी त्याला विचारलं नाही.

मी आजही म्हणतो की नाके लागतात. पण त्या बायकांना आता गद्दार म्हणत नाही.

अनिकेत_प:

नवगावकर काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

माझा प्रश्न वेगळ्या बाजूचा आहे. म्हाताऱ्याला सोडवलं, छान झालं. पण फोन करून एकेकाला सोडवत राहिलं की व्यवस्था आणखी टिकाऊ होत नाही का? लष्कर म्हणणार, बघा, आमच्याकडे मदतकेंद्र आहे, बायकांसाठी वेगळं दार आहे, इस्रायली नागरिक येऊन देखरेख करतात. म्हणजे ताब्याला माणुसकीचा रंग देण्यात या बायकांचाही हात लागतो.

मधुमालती:

अनिकेत, हा वाद त्या संघटनेत पहिल्यापासून आहे आणि अजून मिटलेला नाही. काही जणी म्हणत, आपण साक्षीदार आहोत, मध्ये पडायचं नाही. दुसऱ्या म्हणत, समोर ताप आलेलं मूल घेऊन बाई उभी असताना मी नुसती लिहीत बसू? बऱ्याच पॅलेस्टिनींनीही त्यांना सुनावलं आहे की तुम्ही येऊन आमची रांग जरा छोटी करता आणि संध्याकाळी तुमच्या घरी जाता.

मला तुझं म्हणणं बरंचसं पटतं, आणि त्याला पुरावा कलंदियाचा आहे. रामल्ला आणि जेरुसलेमच्या मधला हा नाका आधी धुळीत होता, २००६ मध्ये तिथे मोठी इमारत झाली, २०१९ मध्ये नवी यंत्रं आणि आपोआप उघडणारी फाटकं आली. तासाची रांग मिनिटांवर आली. लोकांचे हाल कमी झाले हे खरंच. पण ती यंत्रं उघडायची ती परवाना असेल त्याच्यासाठी. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर दीड लाखाच्या आसपास पॅलेस्टिनी मजुरांचं इस्रायलमधलं काम एका झटक्यात थांबलं. रांग छोटी करून मिळालेला दिलासा तेवढाच होता.

तरी नोंद ठेवण्याचं काम मी यापासून वेगळं धरते. नोव्हेंबर २००४ मध्ये बैत इबा नाक्यावर माखसोम वॉचच्या एका बाईने एक चित्रण केलं. एक पॅलेस्टिनी माणूस सैनिकांसमोर व्हायोलिन वाजवतो आहे, मागे लोक ताटकळलेले. त्याचं म्हणणं, मला वाजवायला लावलं. लष्कराचं म्हणणं, त्याने आपणहून वाजवलं. नाझी छळछावण्यांमध्ये ज्यू वादकांना वाजवायला लावत त्याची आठवण होऊन इस्रायलभर गदारोळ झाला. त्या चित्रणात मला सगळ्यात बोचते ती मागची रांग. व्हायोलिनवर अख्खा देश बोलला. ती रांग रोजची होती, तिच्यावर त्या आधीही अहवाल होते आणि नंतरही आले. रांगेवर कुणी बोललं नाही म्हणून ती लिहायची नाही, असं मला पटत नाही. उद्या कुणी म्हणालं की असं काही नव्हतंच, तर तारीखवार कागद आहेत.

पूर्वा:

मजुरांचं काम थांबलं त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. त्या जागा भरायला भारत आणि इस्रायल सरकारांतल्या करारातून भारतातून मजूर न्यायचं ठरलं. आधी हरियाणा, उत्तर प्रदेशात भरती झाली आणि २०२४ मध्ये पुण्यातही चाचण्या झाल्या. सेंटरिंग, बारबेंडिंग, फरशी, प्लास्टर ही कामं. माझ्या मावसभावाने अर्ज भरला होता. महिन्याला लाखाच्या वर पगार, घरात बहिणीचं लग्न, त्याला नको म्हणायला आमची जीभ उचलली नाही. ज्याच्या जागी आपण चाललो आहोत तो माणूस पहाटे तीनला त्या गजांच्या बोळीत उभा राहून कामावर यायचा, हे त्याला चाचणीच्या वेळी कुणी सांगितलं नाही. मी हा धागा त्याला पाठवते आहे. त्याने जावं की नाही हे मी ठरवणार नाही, पण जाताना त्याला माहीत असावं.

रणजित_सातारा:

अंतर्गत नाक्यांचा मुद्दा मी बघितला, नकाशाही बघितला. संख्या माझ्या अंदाजापेक्षा खूप जास्त आहे. दोन गावांमध्ये इतके नाके लावायला लागत असतील तर ते लष्करी गणित नाही, हे मीही म्हणेन. पहारा देणाऱ्याच्या मागे वही घेऊन उभं राहण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. नोंद ठेवायची तर अंतर राखून ठेवावी.

शेतकरीपुत्र:

मी तासगावचा, द्राक्षबागायतदार. राजकारणातलं मला फारसं कळत नाही. भिंतीपलीकडे शेत गेलेल्या शेतकऱ्याचं काय होतं, एवढं कुणी सांगेल का? आमच्याकडे मधून कालवा गेला तरी पलीकडच्या रानात जायला दीड किलोमीटर वळसा पडतो, त्यानेच जीव जातो.

मधुमालती:

दादा, चांगलं विचारलंत. कलकिल्याजवळ जय्यूस नावाचं गाव आहे. गावाची घरं भिंतीच्या एका बाजूला आणि बरीचशी जमीन, विहिरी, हरितगृहं दुसऱ्या बाजूला. मध्ये कुंपणात शेतीफाटकं ठेवली आहेत. काही फाटकं रोज, पण ठरलेल्या वेळी थोडा थोडा वेळ उघडतात, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. संध्याकाळची वेळ चुकली तर रात्र शेतातच. काही आठवड्यातून ठरावीक दिवशी, आणि बरीचशी फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या जैतून (ऑलिव्ह) तोडणीत. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला लगेच लक्षात येईल: छाटणी, नांगरट, तण काढणं ही कामं तोडणीच्या महिन्यात होत नाहीत. ज्या झाडाकडे वर्षभर जाता येत नाही ते पिकवतं किती?

परवाना माणसागणिक असतो. सातबारा बापाच्या नावावर आणि बाप थकलेला, तर मुलाने स्वतःचं नातं आणि हक्क कागदांनी सिद्ध करायचा. जमीन वारसांत वाटली गेली आणि एकेकाच्या वाट्याला तुकडा आला, तर ‘एवढ्याशा जमिनीला परवाना कशाला’ असं उत्तर मिळू शकतं. ट्रॅक्टर न्यायचा तर त्याची वेगळी परवानगी. ऑक्टोबर २०२३ च्या तोडणीत तर अनेक फाटकं उघडलीच नाहीत आणि जैतून झाडावर राहिले.

शेतीफाटकांवर आमच्या कार्यक्रमातले लोक आणि माखसोम वॉचच्या बायका दोन्ही जातात. तिथे नोंदवायचं असतं की फाटक ठरल्या वेळी उघडलं का, किती मिनिटं उघडं राहिलं आणि कोण मागे राहिलं. गाडीतून किल्ली घेऊन येणाऱ्या सैनिकाला उशीर झाला की दहा-बारा शेतकरी गाढवं-ट्रॅक्टर घेऊन उन्हात बसून असतात.

शेतकरीपुत्र:

कळलं. ट्रॅक्टरला वेगळी परवानगी, हे वाचून थांबलो. फवारणीचं काय करत असतील? ती तर ठरल्या दिवशीच करावी लागते, दोन दिवस पुढे गेली की रोग हाताबाहेर.

मधुमालती:

फवारणी, पाणी, सगळंच फाटकाच्या वेळेत बसवावं लागतं. म्हणून बऱ्याच जणांनी भाजीपाला आणि हरितगृहं सोडून ज्याला कमी देखभाल लागते असं पीक धरलं. नगदी पीक गेलं, जैतून राहिलं.

पूर्वा:

ताई, अहवाल इंग्रजीत आहेत म्हणालात. मराठीत आणायचे असतील तर मी मदत करू शकते. कुठून सुरू करू?

मधुमालती:

जरूर. व्यक्तिगत निरोप पाठवते. एका नाक्याचे एका महिन्याचे सगळे अहवाल सलग घे, निवडून घेऊ नकोस. ज्या दिवशी काही घडलं नाही असं वाटतं ते अहवालही तसेच घे, वेळा आणि आकडे न वगळता. नवगावकर काकांना हिब्रू येतं, अडलं तर त्यांना विचारू या, त्यांची हरकत नसेल तर.

नवगावकर:

हरकत नाही. पाठवा. मी बघून देतो.